फॉरमॅट मारू नका, आधी तिसरा आकडा बघा

कराडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरूनच जीएसटीची आणि हिशेबाची कामं करतात. पत्र थोडं आटोपशीर करून देतो.

“खाली ऑफिस, वर घर. दिवसभर खाली टेबलावर लॅपटॉपला वायर लावलेली असते, संध्याकाळी वर गेले की वाय-फाय. लॅपटॉप तीन वर्षांचा, विंडोज ११. वायर काढून वर गेलं की बऱ्याचदा नेट येतच नाही, रीस्टार्ट केलं की येतं. वायरवर असताना टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) चालते, पण प्रिंटर ऑफलाइन दाखवतो. वाय-फायवर तर वेगळीच तऱ्हा. कधी प्रिंट निघते आणि मुख्य कॉम्प्युटरवरची टॅली उघडत नाही, कधी टॅली उघडते आणि प्रिंट निघत नाही. वायर लावायच्या आधी मी न चुकता वाय-फाय डिसकनेक्ट करते, तरीही हा त्रास. वर रेंज येत नव्हती म्हणून मागच्या वर्षी वरच्या मजल्यावर आणखी एक राउटर बसवून घेतला. नाव आणि पासवर्ड जुन्याचाच ठेवला, म्हणजे मोबाइलला वेगळं काही करायला नको. दुकानात दाखवलं तर म्हणाले, लॅन कार्ड गेलंय, फॉरमॅट मारून बघू, नाहीतर मदरबोर्ड. नवा लॅपटॉपच घेऊ का? सोबत तीन फोटो पाठवते आहे.”

ताई, सप्रेम नमस्कार.

नवा लॅपटॉप घेऊ नका आणि फॉरमॅट तर अजिबात मारू देऊ नका. तुमच्या लॅपटॉपात डिजिटल सिग्नेचरचं सॉफ्टवेअर असणार, क्लायंटच्या फायली असणार. ते सगळं पुसून पुन्हा बसवण्यात दोन दिवस जातील आणि तिसऱ्या दिवशी प्रिंटर पुन्हा ऑफलाइनच दिसेल, कारण बिघाड लॅपटॉपात नाहीच. लॅन कार्ड गेलं असतं तर वायरवर दिवसभर टॅली चालली नसती. तुमचे तीन फोटो मी नीट बघितले. उत्तर त्यांतच आहे, आणि ते फोटो पाठवण्याची बुद्धी तुम्हाला झाली याचं मला मनापासून कौतुक वाटतं. नुसतं ‘नेट चालत नाही’ एवढंच कळवलं असतं तर मीही अंधारातच चाचपडलो असतो.

सगळ्यात सोपी गोष्ट आधी सांगतो, ती आजच करता येईल. वायर लावायच्या आधी तुम्ही वाय-फायवर ‘डिसकनेक्ट’ दाबता, ते दाबणं बंद करा. विंडोजचा नियम असा आहे की एखादं वाय-फाय तुम्ही स्वतःच्या हाताने तोडलंत, तर ते पुन्हा आपणहून जोडायचं नाही. तुम्हाला ते नको आहे असं तो समजतो. मग तुम्ही स्वतः जाऊन ‘कनेक्ट’ म्हणाल तेव्हा किंवा लॅपटॉप रीस्टार्ट होईल तेव्हाच ते परत जोडलं जातं. वर गेल्यावर नेट न येणं आणि रीस्टार्ट केल्यावर येणं, याचं कारण हे. तुम्ही काळजीपोटी जे करत होता, तेच आड येत होतं.

आणि तोडायची गरजही नसते. वायर आणि वाय-फाय दोन्ही जोडलेले असले तर विंडोज सहसा वायरलाच पसंती देतो. प्रत्येक जोडणीला तो मनातल्या मनात एक आकडा देतो आणि ज्याचा आकडा कमी त्या वाटेने नेट चालवतो. एक गिगाबिटच्या वायरला साधारणपणे २५ मिळतात, वाय-फायला बहुतेक वेळा त्याहून जास्त. म्हणजे वाय-फाय तसंच राहू द्या, वायर खुपसा, काम करा. उठताना वायर काढा. वाय-फाय तयारच असेल तर पाच-दहा सेकंदांत लॅपटॉप तिकडे वळतो. वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या नावापुढे ‘आपोआप कनेक्ट करा’ अशा अर्थाची खूण आहे ना, तेवढं मात्र एकदा बघून घ्या.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. पहिल्या फोटोत वायरवरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमध्ये यंत्राला ओळखायचा नंबर, आहे १९२.१६८.१.७. दुसऱ्या फोटोत वाय-फायवरचा पत्ता आहे १९२.१६८.०.१०५. तिसरा फोटो प्रिंटरच्या पडद्याचा, त्यावर १९२.१६८.०.११२. तिन्ही कागदावर एकाखाली एक लिहा आणि फक्त तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवा. वायरवर १ आहे. वाय-फायवर आणि प्रिंटरवर ० आहे.

घरगुती राउटरच्या जगात पहिले तीन आकडे सारखे असले तर ती यंत्रं एकाच वाड्यात राहतात, एकमेकांना हाक मारू शकतात. तिसरा आकडा वेगळा झाला की वाडा वेगळा. तुमच्या घरात नकळत दोन वाडे झाले आहेत. एक, खाली फायबर कंपनीने बसवलेल्या डब्याचा. त्यात टेबलावरची वायर आणि टॅलीचा मुख्य कॉम्प्युटर. दुसरा, वरच्या मजल्यावरच्या नव्या राउटरचा. त्यात प्रिंटर आणि बहुतेक वेळा तुमचं वाय-फाय. नवा राउटर बसवणाऱ्याने खालून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या खाचेत घातली, इंटरनेट सुरू झालं आणि तो निघून गेला. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण राउटर असा लावला की तो स्वतःचा वेगळा पत्ता-वाटप चालवतो आणि स्वतःच्या वाड्याला भिंत घालतो.

या भिंतीला दार एकाच बाजूने आहे. वरच्या वाड्यातून खालच्यात जाता येतं, खालून वर शिरता येत नाही. म्हणून वायरवर बसलेल्या तुमच्या लॅपटॉपला वरच्या वाड्यातला प्रिंटर सापडत नाही, मग तो प्रिंटर तुमच्या टेबलापासून दोन हातांवर ठेवलेला का असेना. आणि वरून खाली जाता येत असूनही टॅली का उघडत नाही? कारण टॅलीचा शेअर केलेला फोल्डर मुख्य कॉम्प्युटरच्या नावाने जोडलेला असणार. पत्ता ठाऊक असेल तर दारातून जाता येतं, पण नावाने मारलेली हाक भिंतीपलीकडे पोचत नाही.

उरलं ते कोडं, वाय-फायवर कधी हे चालतं तर कधी ते. इथे ‘नाव आणि पासवर्ड जुन्याचाच’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य महत्त्वाचं. खालच्या डब्याचं वाय-फायही चालूच आहे आणि दोघांची नावं एकच. लॅपटॉपला वाटतं हे एकच घर आहे, ज्याची रेंज चांगली त्याला तो चिकटतो. वरच्याला चिकटला तर प्रिंट निघते, टॅली नाही. खालच्याला चिकटला तर टॅली उघडते, प्रिंट नाही. जिन्यावरून जाता-येता तो एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो, तेव्हा काही वेळ जुन्याच वाड्याचा पत्ता धरून बसतो आणि नेट अडखळतं. एका दवाखान्यात याच दुखण्यापायी मी दोन दिवस ड्रायव्हर बदलत बसलो होतो. दोन डब्यांना एकच नाव दिलंय हे तिसऱ्या दिवशी कंपाउंडरशी बोलताना कळलं. तेव्हापासून मी कुठेही गेलो की लॅपटॉप उघडायच्या आधी विचारतो, घरात डबे किती?

उपाय एकच, दोन वाड्यांचा एक करायचा. नवा राउटर टाकून द्यायचा नाही, त्याला फक्त त्याचं काम बदलून द्यायचं. पण वीस तारखेच्या आधी हात घालू नका. जीएसटीचं थ्रीबी विवरणपत्र भरून झाल्यावर एखाद्या रविवारी सकाळी निवांत करा, आणि सुरू करण्यापूर्वी दोन्ही डब्यांच्या सगळ्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वरच्या राउटरला लॅपटॉप वायरने जोडा. लॅपटॉपच्या वायरच्या जोडणीत हाताने भरलेला पत्ता आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे, तो आधी ‘ऑटोमॅटिक’ करून घ्या, नाहीतर राउटरचं पानच उघडणार नाही. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकून त्याच्या सेटिंगमध्ये जा. इंटरनेटच्या पानावर आधी बघा, तिथे ब्रॉडबँडचा युजर आयडी आणि पासवर्ड भरलेला आहे का? असेल तर तिथेच थांबा आणि मला कळवा, त्याची मांडणी वेगळी असते. तुमच्या फोटोंवरून तसं वाटत नाही. मग ‘ऑपरेशन मोड’ किंवा नुसतं ‘मोड’ असं काहीतरी सापडेल, त्यात ‘ॲक्सेस पॉइंट’ निवडा आणि सेव्ह करा. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल. आता तो स्वतः पत्ते वाटणार नाही, आलेला-गेलेला सगळा माल खालच्या डब्याकडे देईल.

काही जुन्या किंवा स्वस्त राउटरांत हा पर्याय नसतो. मग तेच काम हाताने करायचं, आणि इथे क्रम चुकवू नका. आधी खालून आलेली वायर वॅन पोर्टातून काढून ठेवा, मग त्या राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. सेव्ह केल्यावर पान गायब होईल, घाबरू नका, नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा. मग त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, बंद करा. शेवटी काढून ठेवलेली ती वायर साध्या लॅन पोर्टात घाला. वॅन पोर्ट बहुधा इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचं असतं, तसं लिहिलेलंही असतं. ते रिकामंच राहू द्या. डीएचसीपी आधी बंद करून पत्ता नंतर बदलायला गेलात, तर त्या राउटरच्या पानावर परत शिरताना नाकी नऊ येतात. खालच्या डब्याने २ हा नंबर दुसऱ्या कुणाला देऊ नये, म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये पत्ते कितीपासून वाटायचे तो आकडा १० किंवा २० पासून करून ठेवा.

एवढं झालं की प्रिंटर बंद करून चालू करा. त्याला आता १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळेल. लॅपटॉपात मात्र जुना पत्ता नोंदवलेला असतो, म्हणून जुना प्रिंटर काढून टाका आणि नव्याने जोडा. हे राहून गेलं तर सगळं नीट झालेलं असूनही प्रिंट निघणार नाही आणि तुम्हाला वाटेल उपाय फसला. खालच्या डब्यात प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवायची सोय असेल, तर तीही करा. वाय-फायचं नाव दोन्हीकडे एकच राहिलं तरी आता हरकत नाही. वाडा एकच असला की तेच नाव सोयीचं ठरतं.

पहिल्या फोटोतल्या आणखी दोन ओळी मला खटकल्या. एक, ‘आयपी असाइनमेंट’ पुढे ‘मॅन्युअल’ आहे. वायरचा १९२.१६८.१.७ हा पत्ता कुणीतरी हाताने भरलेला आहे, बहुतेक टॅलीची जोडणी करताना. स्थिर पत्ता हवा असतो तो मुख्य कॉम्प्युटरला, कारण सगळे त्याच्याकडे येतात. तुमच्या लॅपटॉपला त्याची गरज नाही. उलट धोका आहे. खालच्या डब्याला या हाताने भरलेल्या पत्त्याची खबर नसते. त्याने ७ नंबर एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलला देऊन टाकला, तर एकाच पत्त्याचे दोन धनी होतात आणि दोघांचंही नेट लंगडतं. दुसरीकडे कुठे वायर लावलीत, समजा क्लायंटच्या ऑफिसात, तर हा पत्ता तिथे चालणारच नाही आणि वाय-फाय मात्र चालेल. लोक मग म्हणतात लॅन कार्ड गेलं. सेटिंग, नेटवर्क आणि इंटरनेट, इथरनेट असं जाऊन ‘एडिट’ दाबा आणि ‘ऑटोमॅटिक’ करा. खालीच डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीची ओळ असते, तीही ऑटोमॅटिक.

त्याच पानावर वर नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ ते दिसेल. वायर आणि वाय-फाय यांची ही खूण वेगवेगळी साठवली जाते. घरच्या दोन्ही जोडण्यांना ‘प्रायव्हेट’ ठेवा. पब्लिकवर विंडोज शेजारच्या यंत्रांपासून तुम्हाला लपवून ठेवतो, ते बसस्टँडवर किंवा हॉटेलात ठीक आहे.

दुसरी खटकलेली ओळ ‘लिंक स्पीड १००/१००’. तीन वर्षांच्या लॅपटॉपचं पोर्ट सहसा १००० चं, म्हणजे एक गिगाबिटचं असतं. दोन शक्यता आहेत. मधला छोटा स्विच, म्हणजे एका नेटवर्क वायरीला अनेक फाटे देणारी डबी, जुना, शंभराचाच असेल, तर काही बिघडलेलं नाही. नाहीतर वायर. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. शंभरच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, हजारला चारही लागतात. आतली एखादी तार तुटली किंवा टोकाच्या जॅकमध्ये नीट दाबली गेली नसली, तर लॅपटॉप मुकाट्याने शंभरवर उतरतो. तक्रार करत नाही, म्हणून लक्षात येत नाही. आणि मघाशी सांगितलेला तो आकडा आठवा. शंभरच्या वायरला २५ ऐवजी ३५ मिळतात, आणि चांगल्या वाय-फायचा आकडा तेवढ्यापर्यंत किंवा त्याखालीही येऊ शकतो. म्हणजे वायर लावूनही वाट बदलण्याचा घोळ होऊ शकतो.

हे तपासायला साधन लागत नाही. लॅपटॉपमधली वायर हातात धरा आणि जॅकच्या पाठीवरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा खटका बघा. घालताना ‘टक्’ असा आवाज येतो का? रोज काढ-घाल करणाऱ्यांचा खटका हमखास तुटलेला असतो. मग जॅक पोर्टात नुसता टेकलेला राहतो, टेबलावर फाइल सरकवली तरी तो केसभर मागे येतो, पोर्टाजवळचा दिवा असेल तर क्षणभर विझतो आणि लॅपटॉपच्या दृष्टीने वायर निघाली आणि पुन्हा लागली. दिवसातून वीस वेळा असं झालं तर लॅपटॉप वीस वेळा वाट बदलतो. जॅकजवळ वायर हलकेच हलवून बघा, कोपऱ्यातलं चिन्ह बदललं तर वायर दोषी. केबलवाल्याकडून दोन्ही टोकांना नवे जॅक ठोकून घ्या किंवा सरळ तयार वायर आणा, मदरबोर्डच्या पुढे हा खर्च किरकोळ आहे.

हे सगळं करूनही वायर काढल्यावर वाय-फाय यायला अर्धा-पाऊण मिनिट लागत असेल, तर शेवटचं एक ठिकाण उरतं. ऑफिससाठी बनवलेल्या काही लॅपटॉपांत बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्येच, अशी कळ असते की वायर लागली की वाय-फायचा रेडिओ बंद. एचपीत तिला ‘लॅन/डब्ल्यूलॅन ऑटो स्विचिंग’ म्हणतात, सुरू होताना एफ१० दाबून आत जायचं. डेलमध्ये ‘कंट्रोल डब्ल्यूलॅन रेडिओ’, तिथे एफ२. ती चालू असेल तर बंद करा. दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप असेल तर तसलं काही आहे का ते बघा, नसेल तर सोडून द्या. विंडोजमधलं ‘नेटवर्क रीसेट’ मात्र इतक्यात दाबू नका. त्याने सगळ्या जोडण्या नव्याने बसतात, साठवलेलं बरंच पुसलं जातं, आणि दोन वाडे तसेच राहतात.

पुढे कधी नेट अडलं तर तीन हाका मारून बघायची सवय लावा. स्टार्टमध्ये इंग्रजीत सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. पहिली हाक, पिंग १९२.१६८.१.१, म्हणजे घरातला डबा. ती गेली नाही तर दोष घरातच, वायर किंवा वाय-फाय. दुसरी, पिंग ८.८.८.८, म्हणजे बाहेरचं जग. पहिली गेली आणि ही अडली तर फायबर कंपनीला फोन करा, लॅपटॉपला हात लावू नका. तिसरी, कुठल्याही मोठ्या साइटच्या नावाला. आकड्याला उत्तर मिळतं आणि ‘असं नावच सापडत नाही’ असा निरोप आला, तर डीएनएस बघायचा. आणि तुमचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर समजा की लॅपटॉपला पत्ता द्यायला कुणी भेटलंच नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सेटिंगने जाणार नाही, ती सांगणं माझं काम आहे. वायरचं कार्ड आणि वाय-फायचं कार्ड ही दोन वेगळी यंत्रं आहेत, प्रत्येकाला वेगळा पत्ता मिळतो. वाडा एक झाला तरी तुमचा नंबर बदलणारच. नंबर बदलला की त्या क्षणी चालू असलेली जोडणी तुटते. व्हिडिओ कॉल काही सेकंद थिजून परत येईल, त्याचं मोठं नुकसान नाही. टॅलीचं तसं नाही. डेटा मुख्य कॉम्प्युटरवर आहे आणि तुम्ही मधूनच वायर उपटलीत, तर अर्धवट लिहिलेली एंट्री डेटा बिघडवू शकते. म्हणून वर जायचं झालं की आधी टॅलीत उघडलेली कंपनी बंद करा, टॅलीतून बाहेर या, मग वायर काढा. तुमच्याकडे दुसऱ्यांच्या वर्षभराच्या वह्या आहेत, ताई, तिथे घाई नको.

आणि लाइट जाते तेव्हाचं. खालचा डबा इन्व्हर्टरवर असेल, पण मधल्या छोट्या स्विचचा अडॅप्टर साध्या पॉइंटवर असेल तर लाइट जाताच टेबलावरची वायर मेलेली असते. डबा, स्विच आणि वरचा राउटर, तिघांचेही अडॅप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. त्याच रविवारी इलेक्ट्रिशियनला बोलावलंत तर एका फेरीत होईल.